निम्मे मासे

वाशीच्या नव्या घरात आमच्या यजमानांनी काचेच्या पेटीत मासे पाळले होते. दर पगाराला दोन-चार नवे आणायचे. एवढ्याशा पेटीत तीसेक झाले. सगळे वर येऊन तोंडं उघडायचे आणि रोज सकाळी एखादा मेलेला सापडायचा. ‘आता पुरे’ म्हणायचं धाडस मला होत नव्हतं.

एका दुपारी जुन्या वाशी गावातली मासेवाली दाराशी आली. नाव मी विचारलं नाही. पेटी दिसताच तिने आपल्या पाटीवर ओला फडका ओढला, आतल्या माशांचे डोळे झाकावे तसा. मग पेटीत बोट बुडवून वास घेतला.

“बाय, यांचा दम कोंडलाय. निम्मी काढ, नायतर सगली जातील. मी गावच्या तल्यात सोडीन.”

“हे रागावतील.”

“रोज मेलेलं उचलतेस तवा नाय रागावत?”

मी कळशी आणली. तिने काचेला तळहात लावला. निम्मे मासे हातासमोर येऊन अगदी स्थिर उभे राहिले. तेवढेच तिने ओंजळीने उचलून कळशीत घेतले.

“हेच का?”

“ही मना वलखतान,” ती जुनी ओळख असल्यासारखं म्हणाली. “आता नलाचं पानी दिवसभर बादलीत ठेव, मंग घाल.” आणि कळशी घेऊन गेली.

संध्याकाळी उरलेले मासे तळाशी मोकळे फिरत होते. मी यजमानांना घडलं ते सांगितलं आणि म्हटलं, “आता नवे आणू नका.” ते रागावले नाहीत. हसून त्यांनीही काचेला तळहात लावला. एक मासा फिरायचा थांबला, सावकाश वळून त्यांच्या हाताकडे निघाला. हाताशी आलेलेच दुपारी गेले होते; मी त्यांचं मनगट धरून हात ओढून घेतला.