दत्तारामच्या वतीने

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला तर मुळीच नाही.

दोहाचा समुद्र सगळ्यांना गरम वाटतो. जानेवारीत उतरून पाहा. डायव्हिंगचा जाड सूट घालूनही दहा मिनिटांत बोटं आखडतात. मी ऑफिसात बसणारा इंजिनियर, हौसेने डायव्हिंग शिकलेला, शुक्रवारी बोटीने जाणारा. दत्ताराम मालवणचा. तिकडे पर्यटकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ दाखवण्यात त्याची बारा वर्षं गेली होती, आणि इथे तो बरवा अल बराहा या कामगारवस्तीतल्या खोलीत राहून वेल्डिंग करत होता. आमच्या बोटीच्या गोऱ्या प्रमुखाला एक अनुभवी माणूस हवा होता. दत्तारामचं नाव मीच सुचवलं — मोठेपणा मिरवायची संधी कोण सोडतो? त्या शुक्रवारी त्याची परीक्षा होती. माझा जोडीदार म्हणून खाली उतरायचं, मला सांभाळून वर आणायचं. जमलं तर नोकरी.

वीस मीटर खाली एक जुनं मालवाहू जहाज आडवं पडलं आहे. त्याच्या सावलीत शिरलो आणि पाणी गढूळ झालं. थंडी, अंधार — माझा श्वास बिघडला. अशा वेळी जोडीदाराला अंगठा वर करून दाखवायचा, म्हणजे दोघांनी मिळून वर जायचं. कितीसा वेळ लागतो अंगठा दाखवायला? पण मी घाबरलोय हे त्याला कळलं असतं. एका वेल्डरला — हो, हेच आलं मनात. मी गुपचूप एकटा वर आलो.

प्रमुखाने विचारलं, जोडीदार कुठे आहे? मला सोडून पुढे गेला, असं तोंडातून निघून गेलं. नाही — निघून गेलं नाही. मी म्हणालो.

दत्ताराम बऱ्याच वेळाने वर आला. सिलिंडर जवळजवळ रिकामा, ओठ निळे, नाकातून रक्त. मला पाहिलं आणि बोटीची कड धरून तो चक्क हसला.

"सायबानू, बरे आसात मा?" मग प्रमुखाकडे बघत, "ह्येंका सांगा, मी तुमकाच शोधी होतंय."

त्याचं इंग्रजी जेमतेम, प्रमुखाला हिंदी-मराठीचा गंध नाही. दोघांचंही समजणारा बोटीवर मी एकटाच.

तेव्हा तरी शब्द मागे घेता आला असता की नाही? आला असता. मी सफाईदार, भरभर इंग्रजीत सांगितलं की जहाज बघण्यात तो रमला, मागे वळून पाहायचं राहून गेलं, चूक कबूल आहे म्हणतोय. मी बोलत होतो आणि दत्ताराम माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. असा माणूस मला नको, एवढंच प्रमुख म्हणाला.

परतताना गाडीत दत्तारामने विचारलं, काय ठरलं? जागा भरली म्हणतात, मी सांगितलं. तो म्हणाला, "तुमी होतात म्हणान माझी बाजू तरी कोणी मांडली."

मला लाज वाटली. पण त्याआधी हायसं वाटलं — हेही सांगायलाच हवं.

तो अजून वेल्डिंगच करतो. दर दिवाळीला न चुकता त्याचा फोन येतो. मी उचलतो, आणि घरचे सगळे बरे आहेत ना, असं विचारतो.