जॉबरमामांचा अर्धा किलो खिमा

तमाम सोलापूरकरांना, विशेषतः रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्या सज्जनांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आपण खिमा म्हणून जे घरी नेता तो खिमा नव्हे. हे माझं मत नाही. माझ्या मताला आमच्या गल्लीत कुत्रं विचारत नाही. हा जॉबरमामांचा निकाल आहे आणि त्यावर अपील चालत नाही, कारण निकाल देणारा आता हयात नाही.

जॉबरमामा म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी. कारखान्यात माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या मागांवर, अशी त्यांनी अख्खी हयात काढली. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर दिसायचं. त्यांची सून, सुनंदावहिनी, नात्याप्रमाणे त्यांना मामा म्हणायच्या. गल्लीनं तेच उचललं आणि पुढं जॉबर जोडलं.

मामांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना हातानं काही येत नाही ती, आणि आपल्याला येतं असा ज्यांचा समज आहे ती. पहिल्यांची त्यांना कीव यायची, दुसऱ्यांना ते फाडून खायचे. मी बँकेत, म्हणजे कीव यायच्या गटात. "बँकवाले," ते मला म्हणायचे, "तुमी आयुष्यात कदी नट आवळलाय का? न्हाय. आवळलं ते फकस्त पेनाचं टोपण. ते बी वाकडं." मला ते अगदी प्रेमानं म्हणताहेत असं वाटायचं. नंतर कळलं की तसं काही नव्हतं.

निवृत्त झाल्यावर माग गेले, हाताखालची माणसं गेली. त्यांच्या हुकमात उरलं एकच मशीन, आणि ते स्वयंपाकघरात होतं. बिडाचं, हातानं फिरवायचं, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळून बसवायचं खिम्याचं मशीन. वर तोंड, आत मळसूत्र, पुढं चार पाकळ्यांचं पातं आणि त्यापुढं भोकांची जाळी. जुन्या बाजारात भंगारवाल्याच्या ढिगातून मामांनी ते उचललं होतं. "त्या येड्याला वाटलं उसाच्या रसाचं हाय," मामा सांगायचे, "ल्हान लेकरांसाटी!" घासूनपुसून त्यांनी ते असं लखलखीत केलं की सुनंदावहिनींची लग्नातली भांडी त्यापुढं कळाहीन दिसायची, आणि मामा हे त्यांना दर दिवाळीला सांगायचे.

मशीनखाली जुन्या चादरीचा घडी केलेला तुकडा, टेबलाला ओरखडा नको म्हणून. मटण ढकलायला लाकडी दट्ट्या, तो मागाच्या मोडक्या धोट्यातून तासून काढलेला. जन्मभर सूत घेऊन इकडून तिकडं धावलेला धोटा म्हातारपणी मटण ढकलत होता. बोटानं मटण ढकलणाऱ्याबद्दल मामांचं मत छापण्यासारखं नाही.

आणि माप? अर्धा किलो. त्याच्यावर एक तुकडा नाही. पाहुणे आले तर अर्ध्या-अर्ध्याचे दोन घाणे, मधे मशीन उघडून, पुसून, गार करून. "मशीन तापलं की चरबी इरघळती. चरबी इरघळली की खिमा मेला." बकरा आधीच मेलेला असतो, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती, त्यांना काळजी खिम्याच्या जिवाची. म्हणून मटणावरचा पांढरा पडदा आणि शिरा काढायच्या, बोटभर लांब पट्ट्या करायच्या, त्या अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायच्या. पट्ट्यांच्या शेजारी मळसूत्र आणि पातंही फ्रीजरमध्ये. दर रविवारी वहिनींचा बर्फाचा ट्रे बेघर होऊन ओट्यावर पाझरत बसायचा. शेवटी मशीनमधून शिळ्या भाकरीचा तुकडा फिरवायचा, म्हणजे आत अडकलेलं मटण बाहेर येतं. तो तुकडा खिम्याच्या गोळ्यांच्या रश्श्यात जायचा. मग सगळे भाग धुऊन, उन्हात वाळवून, तेलाचा हात लावून डब्यात. एवढ्या सेवेत एखादा देव पावला असता.

दुकानातल्या विजेच्या मशीनबद्दल तर बोलायलाच नको. "त्याच्या पोटात तुमच्या आदी आलेल्या धा जणांचं मटण अडकल्यालं असतं. तुमी रांग लावून दुसऱ्याचं उष्टं घरला आणता." दुकानदार तरीही दर रविवारी विचारायचा, "मामा, खिमा करून देऊ का?" निव्वळ शिव्या ऐकायला विचारायचा, असा माझा संशय आहे. आमच्या घरी खिमा मिक्सरमध्ये होतो हे कळलं, तेव्हा मामांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी भिंतीवरून म्हणाले, "मिक्सरमदी चटणी व्हती, बँकवाले. मटणाची बी चटणीच व्हती. खावा की. चटणी काय वाईट नसती." माझी बायको त्यानंतर महिनाभर मिक्सर टॉवेलखाली झाकून ठेवायची.

पण त्यांच्या तुच्छतेचं शिखर म्हणजे पातं. पात्याची एक बाजू सपाट असते, दुसरीला उंचवटा असतो. सपाट बाजू जाळीला चिकटून बसली पाहिजे, तरच मटण कापलं जातं आणि जाळीतून शेवयांसारखं मोकळं पडतं. पातं उलटं बसलं तर मटण कापलं जात नाही, चिरडलं जातं, आणि पुढं येतो तो पांढुरका, चिकट लगदा. मामांचा मुलगा संजय, म्हणजे वहिनींचा नवरा, पातं नेहमी उलटं लावायचा. टू-व्हीलरचं शोरूम सांभाळणारा हा माणूस, त्याला दोन बाजूंतली एक ओळखता यायची नाही. "संज्या," मामा म्हणायचे, "शर्ट तरी सुलटा घातलायस का, बघ एकदा." त्यांच्या मते पातं उलटं लावणाऱ्या माणसाला मतदानाचा हक्कसुद्धा नको होता.

संजयनं याचा सूड घेतला तो मोबाईलवरून. एक दिवस विजेवर चालणारं खिम्याचं मशीन घरपोच आलं. मामांनी खोक्याकडं बघितलं. "ह्याला बटन हाय. बटन दाबाय अक्कल लागत न्हाय, म्हणून आणलं व्हय रं?" खोकं न फोडता फ्रीजवर गेलं आणि तिथं धूळ खात, वाट बघत बसलं.

वाट बघणारा आणखी एक होता. मामांचे बार्शीचे जावई. धान्याचे अडते, बोलताना समोरच्याला पोत्यासारखं चाचपून बघायची सवय. मामांचा उजवा हात अलीकडं थरथरायचा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि मागांच्या खडखडाटानं कान तर कधीचेच गेलेले. जावयांनी हे सगळं हेरलं.

"मामा, आता पुरे करा," ते एकदा म्हणाले. "एखाद्या रविवारी बोट जाईल मशीनमधी. तेवढं बोट आमाला वाढू नका म्हंजे झालं."

"पाव्हणं, हात थरथरतोय. मशीन थरथरत न्हाय."

"पण चूक झाली तर?"

मामा ताडकन बोलून गेले, "ज्या दिवशी माज्या मशीनीतनं खराब खिमा निगंल, त्या दिवशी ते म्या सोता माळ्यावर टाकीन. अन् संज्याचं ते बटनवालं खोकं माज्या हातानं फोडीन."

"ऐकलं का सगळ्यांनी?" जावई म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटतं, फ्रीजवरच्या खोक्यानंही ऐकलं.

पुढच्याच वेळी जावई सहकुटुंब आले, रविवार बघून आले. मला मामांनी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. बाहेरच्या खोलीत जावई आणि संजय ताटं मांडून बसलेले, आत मामा, वहिनी आणि दारात मी. वहिनी परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या, मनगटापर्यंत पीठ. मामांनी फ्रीजरमधून पातं काढलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, बोटानं चाचपलं. गारव्यानं बोटं बधिर झाली असावीत. मग त्यांनी ते बसवलं, जाळी लावली, कडी आवळली आणि रुबाबात दांडा फिरवायला घेतला.

मामा म्हणायचे, "मला माणसाचं ऐकू येत न्हाय, मशीनचं येतं." त्या दिवशी मशीनचंही आलं नाही. चर्रचर्र असा नेहमीचा आवाज नव्हताच. दबल्यासारखं काहीतरी कुंथत होतं. ते माझ्यासारख्या पेनाचं टोपण लावणाऱ्यालाही कळलं. जाळीतून शेवया पडल्या नाहीत. टूथपेस्ट पडली. मामा फिरवत राहिले. मग थांबले, वाकून बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले.

तेवढ्यात जावई दारात येऊन उभे. "काय झालं मामा? आवाज बदलला वाटतं." मागून संजयची मान. दोघांची नजर परातीवर नव्हती, वहिनींवर नव्हती, थेट त्या लगद्यावर होती. संजयनं एकदा फ्रीजवरच्या खोक्याकडंही बघून घेतलं.

चाळीस माग एका आवाजात बंद पाडणारा माणूस, आणि त्याच्या हातात धोट्याचा दट्ट्या नुसता लटकत होता.

"पातं मी लावलं होतं," सुनंदावहिनी म्हणाल्या. मान खाली, हात पिठात. "मामा म्हणले थांब, मी बघतो. मी म्हणलं, येतंय मला. उलटं बसलं वाटतं."

मनगटापर्यंत पीठ माखलेले ते हात, आणि मशीनवर पिठाचा एक कण नाही. पण दोन शहाण्यांपैकी एकालाही हे दिसलं नाही. दिसलं असतं तर एक शोरूममध्ये आणि दुसरा अडतीवर कशाला बसला असता?

मामांनी सुनेकडं बघितलं. तिच्या पिठातल्या हातांकडं बघितलं. आणि मग असे सुटले, असे सुटले की मी त्यांना इतकं फुललेलं कधी पाहिलं नव्हतं. "वीस वर्सं झाली ह्या घरात! वीस वर्सं! सपाट कंची, उंचवटा कंचा, एवडं कळंना? करकंबला तुज्या बापाच्या घरी ह्येच शिकवलं व्हय? हात लावायचा न्हाय मशीनीला! म्या सांगितलंय न्हवं? म्या जित्ता हाय तवर न्हाय!" वहिनी "चुकलं मामा," "व्हय मामा" म्हणत भाकरी थापत होत्या. जावयांचं तोंड कोरड्या भाकरीसारखं झालं. चूक झाली होती, पण मामांची नव्हती. मशीन टेबलावरच राहिलं.

त्या दिवसापासून वहिनींवर शिक्का बसला. संजय येईल-जाईल त्याला सांगायचा, "आमच्या हिला मशीनला हात लावू देत नाही आम्ही." स्वतः आयुष्यात एकदाही पातं धड न लावलेला हा गृहस्थ! जावई तर बार्शीहून फोन करून विचारायचे, "वहिनी, पातं सुलटं आहे ना?" वहिनी हसायच्या आणि गप्प राहायच्या. मीही गप्प राहिलो. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला ते किती जड गेलं असेल, याची तुम्हाला कल्पना येणार नाही.

पण पुढच्या रविवारी काय झालं ते मी भिंतीवरून, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मामांनी फ्रीजरमधून पातं काढलं आणि मुकाट्यानं वहिनींपुढं धरलं. "लाव," म्हणाले. वहिनींनी लावलं. मामांनी अंगठा फिरवून बघितलं आणि ते दांडा फिरवायला लागले. आवाज बरोबर आला. तेव्हापासून पातं वहिनींचं, दांडा मामांचा. पाहुणे असले की मात्र पातंही मामाच लावायचे. म्हणजे लावल्यासारखं करायचे. वहिनींनी आत आधीच लावून ठेवलेलं असायचं.

दोन वर्षं हे चाललं. शेवटच्या आजारात दवाखान्यात त्यांना भाताची पातळ पेज दिली. मामांनी चमच्यातून ती सावकाश खाली सोडली आणि म्हणाले, "ह्येंचं बी पातं उलटं हाय." आणि वहिनींकडं बघितलं. वहिनींना हसू आवरेना. त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. संजय माझ्या कानात म्हणाला, "बाबा बरळायला लागले." मी मान डोलावली. काही माणसांना काही सांगण्यात अर्थ नसतो. चौथ्या दिवशी मामा गेले.

मशीन तीन महिने डब्यात होतं. मग एका रविवारी जावई आले आणि म्हणाले, मामांची आठवण म्हणून त्यांच्या मशीनवरचा खिमा खाऊ. मलाही बोलावणं आलं. पट्ट्या वहिनींनी कापल्या, गार वहिनींनी केल्या. पण मशीन जोडायची वेळ आली तशी संजयनं बाह्या सरसावल्या, वारस म्हणून. "तू लांब राहा," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या पात्याचा प्रताप सगळ्यांनी खाल्लाय."

जावई खदखदून हसले. "त्या दिवशी मामांचा जीव जायचा राहिला होता, वहिनी!"

वहिनींनी दट्ट्या पुसायला घेतला. संजयनं पातं उचललं, न बघता आत सरकवलं, जाळी लावली, कडी आवळली, आणि मोठ्या ऐटीत दांडा फिरवला. मशीन कुंथलं. जाळीतून टूथपेस्ट यायला लागली.

वीस-बावीस वर्षं ज्या बाईचा आवाज भिंतीपलीकडं आला नव्हता, तिनं टेबलावर धोट्याचा दट्ट्या आपटला. आवाज वहिनींचा होता, पण सूर मला ओळखीचा वाटला.

"सरका बाजूला! ह्या घरात पातं उलटं लावायचा मान एकट्या मामांचा, तुमचा न्हाय!"