उसवलंय

आमच्या गल्लीतल्या शिंपिणीला सगळे मुकी म्हणतात. मुकी नाही हो ती, फक्त बोलत नाही. तोंडात कायम टाचण्या, बोलणार कशी?

एकदा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई यायला लागल्या. म्हणाल्या, वस्तीतलीच एक बाई हवी. लोकांचं ऐकून घेणारी, लागलं तर माझ्यापर्यंत आणणारी. आम्ही शिकवू. सगळ्यांत आधी हात कुणी वर केला? मी. आणि निवडलं कुणाला? मुकीला! मी जाब विचारला तर हसून म्हणाल्या, "मावशी, मला ऐकणारी हवीय." हा टोमणा होता, हे मला घरी जेवता जेवता कळलं.

आता मुकीच्या दुकानात कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. सगळ्यांदेखत 'रडू येतं, छातीत धडधडतं' असं कोण सांगणार? मग एक बाई हातात उशीचा अभ्रा घेऊन आली नि म्हणाली, "जरा उसवलंय." अभ्रा धडधाकट होता. मुकी समजली. तेव्हापासून तोच शब्द रुळला. फाटलं, आखूड झालं म्हणालात, तर कपडा मशीनवर. उसवलंय म्हणालात, तर मुकी मशीन थांबवते, टाचण्या काढते, बसलेल्यांना बाहेर पिटाळते नि स्टूल पुढे सरकवते.

गल्लीतल्या बायकांना हे पाठ. माझ्या धाकट्या दिराला मात्र पत्ताच नव्हता. तो प्लंबर, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या बसवणारा. गडी एरवी भारी चावट, माझी नक्कल केल्याशिवाय घास उतरायचा नाही. पण त्या दिवसांत हत्यारांची पिशवी खुंटीला आणि हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. लोक म्हणायचे, आळस भरलाय. जाऊबाई मात्र रडकुंडीला आली होती. "ताई, हे म्हणतात मी नसतो तर तुझं बरं झालं असतं. मला भीती वाटते हो." डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की हा भडकायचा, "मी काय वेडा आहे?"

आणि एक दिवस मी मुकीच्या दुकानात पडद्यामागे नवा ड्रेस घालून बघत होते. एक हात बाहीत, दुसरा अडकलेला, चहूबाजूंनी टाचण्या. हलले की टोचे. बाहेर मुकीशिवाय कुणीच नव्हतं. तेवढ्यात दिराचा आवाज आला.

"ताई, ही पँट उसवलीय."

बिचाऱ्याची पँट खरंच उसवली होती! पण मशीन थांबलं. स्टूल सरकलं.

"बसा दादा. कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"घरी सांगितलंत?"

"बायकोला दाखवायची लाज वाटते. जागाच तशी आहे."

"लाज कसली, कुणालाही होतं. वाढतंय का?"

"खाली बसलं की वाढतं."

"आणि झोप?"

"पँटीचा नि झोपेचा काय संबंध?"

मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. मुकीला चूक कळली असणार, पण बाई मागे हटली नाही. "पँट राहू द्या. झोप लागते का?"

स्टूल करकरलं. मग म्हणाला, "नाही लागत." आणि मग हळूहळू सगळंच आलं. "टाकीपाशी चढलो की खाली बघत राहतो. वाटतं, पाय उचलावा. म्हणून कामालाच जात नाही. आळशी म्हणतात, म्हणू देत."

माझं हसू जागच्या जागी वाळलं.

"जीव द्यावासा वाटतो?" मुकीनं सरळ विचारलं.

"हो," म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

"सांगितलंत, बरं केलंत. आता एकटं राहायचं नाही. आज डॉक्टरीणबाई बसल्यात. मी येते बरोबर, चला."

आणि घर्रर्र करून शटर खाली! मी आत, एका बाहीत.

मुकी परत आली तेव्हा मला बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाली, "ऐकलंत ते इथेच ठेवायचं." मी शब्द दिला. आणि पाळला हो! जाऊबाईलासुद्धा बोलले नाही. दोन दिवस ती समोर आली की मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबायचे. शेवटी दिरानंच तिला सगळं सांगितलं. ती रडली, भांडली, मग दर खेपेला त्याच्याबरोबर दवाखान्यात जायला लागली. गोळ्या सुरू झाल्या, मुकीच्या स्टुलावर बसणं सुरू झालं. आधी झोप आली, मग भूक. गच्चीवर सध्या जात नाही, खालचे नळ दुरुस्त करतो. पिशवी खुंटीवरून उतरली.

परवा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मान खाली घालून बसलो होतो. पडद्याखाली तुमच्या चपला दिसत होत्या."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणून तर बोललो. हिला सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं वहिनींनी ऐकलंय, संध्याकाळपर्यंत आपोआप कळेल. आणि तुम्ही जन्मात पहिल्यांदा गप्प बसलात! सगळं मलाच सांगावं लागलं."

"आणि शटर लावताना का नाही बोललास रे?"

"शटरचं तेव्हा भानच नव्हतं," म्हणाला. मग गालात हसला. "भान असतं तरी बोललो नसतो."

जाऊबाईला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत त्याला भरपूर शिव्या घातल्या. कित्येक दिवसांनी त्यानं माझी नक्कल केली, तीही शिव्यांसकट.

पँट अजून उसवलेलीच आहे.