पाटावर मोजलेली होडी

"स्वल्प थांब रे, एक राहिलंय," असं म्हणत अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, की समजावं, हाही रविवार गेला.

अण्णा आमच्या कारखान्यात फिटर आणि बसवनगुडीत आमचे कानडी शेजारी. मायदेशी निघालेल्या एका साहेबाची जुनी शिडाची होडी आम्ही दोघांनी मिळून घेतली आणि अलसूर तळ्याच्या काठी ठेवली. घेतली ती अण्णांच्या बायकोसाठी, अक्कांसाठी. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. "पाण्यावरून एक फेरी मारायचीय बघ मला," एवढंच त्यांचं मागणं.

एकच फेरी हो! शीड धड होतं, सुकाणू धड होतं. पण अण्णांनी बसायच्या जागेत सामान बसवायला घेतलं. आधी दोर अडकवायचा पितळी आकडा. मग पाय टेकायला फळी. मग पाण्याच्या तांब्यासाठी कडं. मग होकायंत्र. ज्या तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा धोबी इकडून ओळखू येतो, तिथे होकायंत्र! तेही बसवलं नेमकं लोखंडी हत्यारपेटीच्या वर, त्यामुळे उत्तर दिशा कायम अण्णांच्या पेटीत. मी कपाळाला हात लावला.

हातात धरायच्या मुठींनी तर वीट आणला. त्यांची मापं घरी घेतली जात. अक्कांना स्वैपाकघरात पाटावर बसवायचं, उठायला सांगायचं, आधाराला हात भिंतीवर जिथे पडेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. मग तळ्यावर येऊन भोक पाडायचं आणि पुढच्या रविवारी, चुकलं म्हणून, ते बुजवायचं.

"अण्णा, चाळण केलीत होडीची," मी वैतागून म्हणालो.

"तुझी अक्का पडली तर तू उचलणार?"

"उचलीन की."

"सरी, बरं. स्वल्प थांब."

अक्का उप्पिटाचा डबा मांडीवर घेऊन काठावर बसलेल्या असत. "ती तरंगते ना रे, की तेही राहिलंय?" असं मला विचारत.

आणि एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढ्या रविवारांत एक फेरी झाली नाही माणसाकडून.

दिवसकार्य उरकल्यावर अक्काच म्हणाल्या, "चल, नेतोस का?"

त्यांनी पाय ठेवला तशी होडी डुलली. मी धरायला पुढे झालो. अक्कांनी न बघताच हात टाकला, तर मूठ तिथे होती. दुसरा टाकला, तिथेही होती. घरच्या पाटावर बसावं तशा त्या बसल्या. माझी गरजच पडली नाही.

मी मागे सुकाणूवर बसलो. फेरीभर अक्कांनी मुठी सोडल्या नाहीत. काठ जवळ आला तेव्हा त्यांनी आपल्या शेजारी हात फिरवला. तिथे आकडा होता, कडं होतं, होकायंत्र होतं. अण्णांना स्वतःला बसायला वीतभर जागा नव्हती.

"एक राहिलंच की रे," अक्का म्हणाल्या.