मागच्या चाकांवरचं वजन

पनवेलच्या बाजारातून जाताना मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या टपरीतून सोल्डरिंगच्या धुराचा वास येतो आणि मी नकळत भरभर चालू लागतो. असल्या वासानं कुणाला कॉलेजचे सुखाचे दिवस आठवत असतील. मला लाज वाटते. इतकी वर्षं झाली तरी वाटते, आणि ती कमी व्हावी अशी माझी लायकीही नाही.

आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि स्पर्धेसाठी रोबोट बनवत होतो. त्यानं चढण चढायची आणि वरचे ठोकळे हातानं उचलायचे. टीमचा कप्तान मी, म्हणजे सगळ्यात मोठ्यानं बोलणारा. माझ्या आराखड्यात बॅटरी पुढे, हाताच्या मोटरशेजारी होती, कारण तिथं वायर आखूड लागायची आणि कागदावर ते देखणं दिसायचं. प्रत्यक्षात चढणीवर मागची चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आठवडाभर मोटरला, चाकांच्या रबराला, चढणीच्या फळीलासुद्धा नावं ठेवली.

टीममध्ये उरणजवळच्या करंजा गावची एक मुलगी होती. तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. ती फारशी बोलत नसे, कारण तिचं हाय-नाय ऐकलं की आम्ही हसायचो. मी जरा जास्तच. एका दुपारी तिनं सांगाडा सुटा केला, बॅटरी खाली, बरोब्बर मागच्या चाकांच्या आसावर बसवली आणि सर्किट मधोमध आणलं. रोबोट सरसर चढला. असं का केलंस, हे विचारणं मला कमीपणाचं वाटलं.

परीक्षकांपुढे मीच बोलेन, तुझं बोलणं त्यांना कळायचं नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, ही मांडणी कुणाची? ती माझ्या मागेच पक्कड घेऊन उभी होती. मी म्हणालो, "माझी." वर ऐटीत सांगितलं की पुढच्या हाताचा तोल सावरायला बॅटरी मागे घेतली. उत्तम रचनेचं बक्षीस मिळालं. टाळ्या तिनंही वाजवल्या.

परतताना एसटीत ती शेजारी येऊन बसली. आता भांडणार म्हणून मी सबबी जुळवू लागलो.

"तोलासाठी नाय रे ते," ती हळूच म्हणाली. "वजन चाकांवर पडलं की ती घसरत नाय. आमी होडीत बर्फ मागंच भरतो. पुढं भरला तर मागचा पंखा पाण्याबाहेर येतो, मंग इंजिन नुसतं बोंबलतं. पुढच्या वेळी कोनी विचारलं तर नीट सांग."

पुढच्या वर्षी कॉलेजात नोकरीच्या मुलाखती झाल्या, तेव्हा मी नीट सांगितलं. होडी तेवढी गाळली. होडी म्हटलं की कुणाची, असं त्यांनी विचारलं असतं. मी खुशीत बाहेर आलो. माझ्यानंतर तिचीच पाळी होती. ती आत गेली आणि लगेच परतली.

"त्यांना वाटलं, मी तुजं ऐकून सांगते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत थांबली.

ती कशासाठी थांबली होती, ते मला कळत होतं. दार उघडं होतं, आतली माणसं बसलेली होती, एक वाक्य बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी बुटांकडे बघत राहिलो. त्यानंतर आयुष्यात कितीतरी तास मी वाया घालवले आणि विसरलो. ते अर्धं मिनिट मात्र अजून कशानंही भरून येत नाही.