उजव्या बाजूचा सायलेन्सर

माझ्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस ठाकूरद्वारपासून लालबागपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि मला आयुष्यात सर्वांत जास्त घाबरवलंय तेही त्यांनीच. मी दाताचे डॉक्टर पाहिलेत, गल्लीतले गुंड पाहिलेत, सासऱ्यांसमोर पहिल्यांदा बसलोय. पण फणसवाडीतला हा काटकुळा, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला गृहस्थ "साडूभाऊ, जरा हे धरा" म्हणाला, की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. हे आमचे दादा निवृत्त होईपर्यंत दादरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. शाळा सुटली, प्रयोग सुटले नाहीत. पोह्यांत मीठ कमी पडलं तरी ते साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा क्रमानेच बोलतात. एकदा आमचा गिझर पाहायला आले आणि मला म्हणाले, "एक हात नळाला लावा, एक गिझरला. काही जाणवलं तर सांगा." जाणवलं. सांगता मात्र आलं नाही. मी खाली बसून तोंडाची उघडझाप करत असताना ते वहीत लिहीत होते, "निरीक्षण : साडूभाऊ अवाक्."

त्यांच्याकडे रिमोटवर पळणारी एक गाडी होती. लहान मुलांची बॅटरीवाली नव्हे, खऱ्या इंजिनाची. हातभर लांब, लाल, आणि पोटात नायट्रोचं इंधन. दोरी ओढून सुरू केली की सुतारकामाचं मशीन आणि चिडलेली गांधीलमाशी एकाच डब्यात कोंडल्यासारखा आवाज करायची. सुरू करताना ती कुणीतरी उचलून धरावी लागे, आणि तो कुणीतरी मी असे. पहिल्याच दिवशी दादांनी मला शांतपणे समजावलं, "हे इंधन पेटलं ना, तर उन्हात ज्वाळा दिसत नाही."

"म्हणजे पेटलंय हे कळणार कसं?"

"चटका बसेल की!"

तेव्हापासून मी न दिसणाऱ्या आगीला भीत जगतोय. भुतांचं बरं असतं, ती निदान रात्री येतात. ही रविवारी सकाळी दहाला, चाळीच्या चौकात, माझ्या दोन्ही हातांत असायची.

चौकाच्या मधोमध विहीर आहे, जाळी टाकून बंद केलेली. तिच्या कठड्यावर शेंदूर लावलेला एक देव. दादा त्या विहिरीभोवती गाडी पळवत आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्यांची एकमेव प्रेक्षक बघत असे. ती म्हणजे ताई, त्यांची बायको, माझ्या हिची मोठी बहीण. ताईंना दमा. गाडीच्या सायलेन्सरचं तोंड डावीकडे, त्यामुळे प्रत्येक फेरीत तेलकट, गोडसर धुराचा एक लोट नेमका गॅलरीत चढायचा. ताई पदर नाकाला लावायच्या, पण खुर्ची सोडायच्या नाहीत. "मी आत गेले तर यांना वाटेल मला आवडत नाही," म्हणायच्या. त्या हिवाळ्यात खोकला वाढला. डॉक्टरांनी धुराजवळ जायचं नाही असं बजावलं. दादांनी गाडी कपाटावर ठेवली, तर ताईच रागावल्या, "खाली काढा ती! नाहीतर दिवसभर घरात माझ्यावर प्रयोग कराल."

म्हणून ठरलं, सायलेन्सर फिरवायचा. धूर उजवीकडे सोडायचा, म्हणजे तो विहिरीकडे जाईल.

मी म्हटलं, "दादा, एवढी खटपट कशाला? गाडी उलट्या बाजूने फिरवा की. धूर आपोआप आत."

दादांनी चष्मा काढला. "देवाला उलटी प्रदक्षिणा?"

"तुम्ही देव मानत नाही ना?"

"मानत नाही. पण म्हणून त्याला मुद्दाम डिवचायचं का?"

झालं. विज्ञान आणि शेंदूर यांच्या मधून एक तांब्याची नळी निघाली. दादांनी ती दिव्यावर तापवून वाकवली, इंजिनावरून पलीकडे नेली आणि तारेने बांधली. वाटेत प्लास्टिकची एक डबी येत होती. रिमोटचा हुकूम ऐकणारी सगळी यंत्रणा त्या डबीत. "नळी तापणार नाही का?" मी विचारलं. "अर्ध्या सेंटिमीटरचं अंतर ठेवलंय," असं ते इतक्या ठामपणे म्हणाले, की मी हळूच दोन पावलं मागे सरकलो.

रविवारी ताई मुद्दाम खाली आल्या. आता धूर येणारच नाही, मग वरून कशाला बघायचं? जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. मी गाडी धरली, दादांनी दोरी ओढली, मी गाडी सोडली आणि विहिरीचा कठडा गाठला. दोन फेऱ्या झाल्या. धूर खरोखरच विहिरीकडे! ताईंनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला दादांचा अंगठा रिमोटवर थांबला. "ऐकत नाहीये," ते म्हणाले.

डबी वितळली होती. गाडी वळायची विसरली आणि भरधाव सरळ जिन्याकडे सुटली. पायरीवर आदळून उलटली आणि चाकं वर करून किंचाळत राहिली. तांब्याची नळी आता ताईंकडे वळली होती. क्षणभरात पायरी दिसेना, पदर दिसेना, फक्त तो खोकला. आणि मग खोकलाही थांबला. श्वास आत ओढायची एक बारीक शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

दादांनी रिमोट टाकला. गाडीकडे बघितलंही नाही. "नळीचं तोंड बंद करा!" असं मला ओरडून म्हणाले आणि धुरात शिरले. न दिसणारी आग, चटका, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण ती शिट्टी त्याहून वाईट होती. मी चप्पल काढली आणि नळीवर दाबली. इंजिन गचके खाऊन बंद पडलं. चप्पल वितळून नळीला चिकटली.

दादांनी ताईंना उघड्यावर आणलं होतं. खिशातून दम्याचा पंप काढला, पण त्याचं टोपण त्यांना निघेना. चाळीस वर्षं काचेच्या नळ्या हाताळलेले ते हात टोपणावरून नुसते घसरत होते. शेवटी ताईंनीच पंप काढून घेतला, ओढला, पुन्हा ओढला. बऱ्याच वेळाने त्यांच्या तोंडून शब्द आला, "अहो, दोन फेऱ्या मात्र छान झाल्या."

दादांच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. पुढच्या आठवड्यात ती गाडी त्यांनी भोईवाड्यातल्या एका मित्राला देऊन टाकली. ताई चार दिवस रुसल्या.

आता रविवारी सकाळी दोघं हळूहळू चौपाटीपर्यंत चालत जातात. कधीमधी मीही मागून असतो. रस्त्याच्या कडेने दादा, आतल्या बाजूला ताई, म्हणजे बसचा, टॅक्सीचा धूर आधी दादांना लागावा. तो काटकुळा माणूस साऱ्या गिरगावचा धूर काय अडवणार? हे त्यांनाही माहीत असावं. पण मधेच ते थांबतात, मान वर करून वारा कुठून येतोय ते बघतात, आणि ताईंची बाजू बदलतात.