टार्गेटमागचा कागद

हरीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालघरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. हातात त्यांच्याच मशीनचा माइक होता, सुटलेली तार जोडायला आणलेला. फोन ठेवला आणि आधी ती तार जोडली... दुसरं काय करावं ते सुचलं नाही. त्याला आता दीड महिना झाला.

काका दातिवऱ्याचे. घरची होडी भावाकडे सोपवून ते बोईसरच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पुढे एअर रायफलच्या स्पर्धांत ते गुण द्यायचे. कागदी टार्गेटवरचं एकेक भोक भिंगातून बघायचं आणि आकडा लिहायचा. डोळे दमायला लागले तसं हे काम मशीनने करावं असं त्यांनी ठरवलं. मदतीला आमच्या सरांनी मला पाठवलं. माझ्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, प्रश्न विचारायलाही घाबरायचे. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "या इंजिनियरबाई, आमाला जरा शिकवा." चेष्टाच होती, पण नेमबाजीच्या हॉलमधली एकुलती एक खुर्चीही त्यांनी मलाच दिली.

टार्गेटच्या चार कोपऱ्यांत चार माइक. छर्रा लागल्याचा आवाज कुठल्या कोपऱ्यात किती आधी पोचला, त्यावरून मशीन त्याची जागा काढतं. पत्रा, रबर, जोडकाम काकांचं, प्रोग्रॅम माझा. शिवाय काकांनी मागे कागदाची गुंडाळी बसवली होती. दर छर्‍यानंतर ती बोटभर सरकायची आणि तिच्यावर मध्याची खूण उमटायची. मी म्हणाले, "आता कागद कशाला?" ते म्हणाले, "मशीनला पन कोनी बघनारा पायजे."

एकदा त्यांनी विचारलं, "दुपारी हॉलचा पत्रा तापतो. आवाजात काय फरक नाय ना पडत?" मी म्हणाले, "एवढ्याशा अंतरात नाही पडत." प्रोग्रॅममध्ये मी सकाळचं एकच तापमान कायमचं लिहून टाकलं होतं.

मशीनवरची पहिली स्पर्धा झाली. निकाल वाचायच्या आधी काका सवयीने दुपारची गुंडाळी भिंगाखाली घेऊन बसले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. गरम हवेत आवाज लवकर पोचतो, कोपऱ्यांतल्या वेळांमधला फरक कमी होतो, म्हणून दुपारचा प्रत्येक छर्रा मशीनला मध्याच्या जरा जवळ दिसला होता. एका छर्‍यात केसभर फरक, पण साठ छर्‍यांत पहिला नंबर बदलत होता. सकाळी खेळलेली जव्हारकडची एक मुलगी मागे पडत होती. काकांनी घोषणेचा माइक घेतला. "मोजन्यात चूक झाली हाय. आमची चूक. निकाल कागदावरून लागंल." पालक चिडले, कोणीतरी म्हणालं, म्हातार्‍याचं खेळणं. ते मान खाली घालून मोजत राहिले. पहिली आली ती जव्हारची मुलगी.

मी नंतर विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

"मशीन दोघांची हाय ना?" एवढंच म्हणाले. दुसर्‍या दिवशी टार्गेटशेजारी खिळा ठोकून त्यांनी घरचा थर्मामीटर टांगला. "आता हा पन वाचायला शिकव तिला."

मशीनला तापमानाचा सेन्सर जोडून मी शिकवलं. पण चूक माझी होती, हे मी कोणासमोर कधी बोलले नाही... म्हणून इथे लिहिते आहे.

आता मशीन स्वतःच हवेचं तापमान मोजतं. परवा सरावाला एका मुलाने विचारलं, "ताई, मग कागद कशाला लावता?" मी गुंडाळी बसवून घेतली, खिळ्यावरचा थर्मामीटर बघितला आणि काकांचं भिंग त्याच्या हातात दिलं.